शेवटचा रविवार

१६ सप्टेंबर २००७, रविवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंड आणि अ‍ॅक्रन या शहरांच्या मधे असलेल्या जिऑगा लेक या मनोरंजन उद्यानाच्या हंगामाचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी गाड्या थांबल्या, फाटक लागलं, लोक घरी गेले. थंड प्रदेशातली उद्यानं अशीच मिटतात आणि मे महिना आला की पुन्हा उघडतात, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. पाच दिवसांनी, २१ तारखेला, मालक कंपनीने जाहीर केलं की इथले पाळणे आणि रोलर कोस्टर पुन्हा सुरू होणार नाहीत. तळ्यापलीकडचा पाण्याचा विभाग तेवढा चालू राहील.

शंभर वर्षांहून जुनी जागा, आणि तिचा निरोप घ्यायला कुणाला अर्धा दिवसही मिळाला नाही. ज्या माणसाने त्या रविवारी आपल्या मुलीला पहिल्यांदा लाकडी रोलर कोस्टरवर बसवलं असेल, त्याला ती फेरी शेवटची आहे हे ठाऊक नव्हतं. जिऑगा लेकच्या चाहत्यांचा वाद इतकी वर्षं होऊनही शमत नाही, त्याचं मूळ माझ्या मते या पाच दिवसांत आहे. घरातलं माणूस अवचित गेलं की मागे राहिलेले तारखा आणि औषधं पुन्हापुन्हा मोजत बसतात. हे लोकही तसंच मोजत बसले आहेत. कोणत्या वर्षी कोणता कोस्टर आला, कोणत्या वर्षी कोणता निघाला, कुणी किती पैसे ओतले, कुणी किती काढून नेले. त्यांचा प्रश्न एकच असतो: एवढी गर्दी खेचणारं उद्यान इतक्या लवकर मेलं कसं, आणि मारलं कुणी?

वादातले पक्ष समजायचे तर आधी ती जागा डोळ्यांसमोर आणायला हवी. मधे एक नैसर्गिक तळं. काठाजवळून रेल्वे गेली आणि स्टेशन झालं, तेव्हापासून क्लीव्हलंडचे लोक सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन इथे येऊ लागले. होड्या आल्या, नाचायला दिवाणखाना झाला, आणि १८८०चं दशक सरताना इथे रीतसर उद्यान उभं राहिलं. अमेरिकेतली बरीचशी जुनी उद्यानं अशीच रेल्वे नाहीतर ट्रामच्या टोकाला जन्मली. गाड्यांना रविवारीही प्रवासी मिळायला हवे होते, आणि कारखान्यांत सहा दिवस राबणाऱ्यांना सातव्या दिवशी सावली हवी होती.

१९२५ मध्ये इथे ती लाकडी गाडी आली, जिच्यासाठी आजही लोक हळवे होतात. नंतरच्या पिढ्यांनी तिला ‘बिग डिपर’ या नावाने ओळखलं. आराखडा जॉन मिलर याचा. आज जगात कुठेही रोलर कोस्टरमध्ये बसलात, तरी तुम्ही या माणसाच्या भरवशावर बसलेले असता. चढावर गाडी साखळीने वर ओढली जाताना ‘खट्-खट्-खट्’ असा आवाज येतो, तो मिलरच्या १९१०च्या पेटंटचा. गाडीखाली एक लोखंडी जीभ असते, ती चढावरच्या दातेरी पट्टीवर एकेक दाता मागे टाकत जाते. साखळी तुटली तरी जीभ दात्यात अडकते आणि गाडी मागे घरंगळत नाही. त्याआधी चढावर साखळी तुटणं म्हणजे प्राणांशी गाठ होती.

त्याचा दुसरा शोध १९१९चा, आणि तो जास्त मोठा. गाडी टेकाडाच्या माथ्यावर वेगाने पोचते तेव्हा तिला सरळ पुढे जायचं असतं, रूळ मात्र खाली वळतो. त्या क्षणी बसलेला माणूस आसनावरून उचलला जातो, पोटात गोळा येतो, आणि गाडीचीही तीच गत होते, तीही रुळावरून सुटू पाहते. मिलरने रुळाच्या खालच्या बाजूला लागणारं आणखी एक चाक बसवलं. वरच्या चाकावर गाडीचं वजन, बाजूच्या चाकावर वळणाचा जोर, आणि खालचं चाक गाडीला रुळाशी बांधून ठेवणारं. या तीन चाकांमुळेच उतार तीव्र करणं शक्य झालं आणि माणूस आसनावरून हवेत उचलला गेला तरी सुखरूप राहू लागला. बिग डिपर त्याच काळातला. उंची ६५ फूट. आजच्या हिशेबाने ही उंची काहीच नाही, पण ज्यांनी तो अनुभवला आहे ते उंचीबद्दल बोलतच नाहीत. जाताना एकामागून एक येणारी टेकाडं, परतताना पुन्हा तीच, आणि प्रत्येक माथ्यावर तो क्षणभराचा तरंग, एवढंच त्यांना आठवतं.

पुढची चाळीसेक वर्षं झपाट्याने सांगून टाकतो, कारण त्या काळाबद्दल कुणाचं भांडण नाही. वादळाचा तडाखा बसला, आगी लागल्या, महामंदी आली, महायुद्ध झालं, आणि उद्यान एका प्रांतातल्या लोकांचं हक्काचं ठिकाण म्हणून तग धरून राहिलं. १९६९ मध्ये ते फनटाइम नावाच्या कंपनीने घेतलं. ही कंपनी काढणारी मंडळी ओहायोतल्याच सीडर पॉइंट या मोठ्या उद्यानातून बाहेर पडलेली होती. हे नाव लक्षात ठेवा. सीडर पॉइंट ईरी सरोवराच्या काठी, जिऑगा लेकपासून गाडीने साधारण दीड तासावर, आणि या कथेत ते शेवटी पुन्हा येणार आहे.

१९७० मध्ये तळ्याच्या दुसऱ्या काठावर सीवर्ल्ड आलं. सॅन डिएगोनंतरचं हे कंपनीचं दुसरं उद्यान. समुद्रापासून शेकडो मैल आत, जिथे हिवाळ्यात तळी गोठतात अशा ठिकाणी, डॉल्फिन आणि ऑर्का देवमासे. आता एकाच पाण्याच्या दोन काठांवर दोन मालकांची दोन उद्यानं होती. इकडे पाळणे, तिकडे मासे. तिकिटं वेगळी, फाटकं वेगळी, पण लांबून आलेलं कुटुंब एक दिवस इकडे आणि एक दिवस तिकडे घालवायचं, त्यामुळे दोघांचंही भलं होत असे.

चाहत्यांमधले वयाने मोठे लोक ज्याला सुवर्णकाळ म्हणतात तो हाच. १९७७ला लागोपाठ दोन गोल घेणारा डबल लूप, १९७८ला कॉर्कस्क्रू, १९८८ला रेजिंग वुल्फ बॉब्ज हा नवा लाकडी कोस्टर. दर काही वर्षांनी एक नवी गोष्ट यायची आणि तेवढ्यावर भागायचं. आजी-आजोबा तळ्याकाठी बाकावर बसत, लहान मुलं लाकडी घोड्यांच्या चक्रावर, मोठी मुलं डिपरकडे धावत. दुसरीकडे याच वर्षांत त्या प्रांताची पोलादी कंबर मोडत होती. शेजारच्या यंग्सटाउनमध्ये १९७७च्या सप्टेंबरात एका सोमवारी मोठी पोलाद गिरणी बंद झाल्याचं जाहीर झालं, आणि तिथले लोक त्या दिवसाला आजही काळा सोमवार म्हणतात. १९५०च्या जनगणनेत क्लीव्हलंडची लोकसंख्या ९,१४,८०८ होती, २०००मध्ये ती ४,७८,४०३ उरली. यातले बरेच लोक आसपासच्या उपनगरांत गेले हे खरं, पण तरणे हात आणि वाढती कुटुंबं या भागातून बाहेर चालली होती हेही तितकंच खरं. चाहत्यांच्या वादात हा आकडा फार क्वचित येतो. मला वाटतं तो पहिल्यांदा यायला हवा.

वादाचा गाभा मात्र १९९५पासून सुरू होतो. त्या वर्षी प्रीमियर पार्क्स या कंपनीने फनटाइम विकत घेतली. प्रीमियर त्या काळात उद्यानामागून उद्यान गिळत सुटली होती, आणि १९९८ मध्ये तिने सिक्स फ्लॅग्ज हे अमेरिकेतलं मोठं नाव घेतलं. पैसा बहुतेक कर्जाचा. आता हे नाव जिथे लावाल तिथे मोठं काहीतरी उभं करणं भाग होतं. २०००च्या हंगामात जिऑगा लेक हे नाव फाटकावरून उतरलं आणि ‘सिक्स फ्लॅग्ज ओहायो’ झालं. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, आणि एकाच हंगामात चार नवे कोस्टर: सुपरमॅन, बॅटमॅन, व्हिलन आणि लहानांसाठी रोड रनर. त्यातला बॅटमॅन पायाखाली फळीच नसलेला, पाय हवेत लोंबकळत ठेवून नेणारा.

पुढच्याच वर्षी कंपनीने तळ्यापलीकडचं सीवर्ल्ड ११ कोटी डॉलरना घेतलं, दोन्ही काठ एक केले आणि नाव दिलं ‘सिक्स फ्लॅग्ज वर्ल्ड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर’. पाळणे, प्राणी आणि पाणी, तीन उद्यानं एका तिकिटात. याच वर्षी एक्स-फ्लाइट आला, माणसाला पालथं झोपवून पक्ष्यासारखं उडवणारा. लोकांची झुंबड उडाली. गाड्या लावायला जागा पुरेना, रांगा तास-तासभराच्या.

धाकट्या चाहत्यांच्या मनातलं खरं उद्यान हे आहे. २००१ला जो बारा वर्षांचा होता त्याला विचारा, तो सांगेल की अशी जागा जगात नव्हती. सकाळी देवमासा, दुपारी लाटांचा तलाव, संध्याकाळी दहा कोस्टर, आणि खिशातून गेलं ते एकच तिकीट. तो खोटं बोलत नाही. त्याच्या दृष्टीने ऱ्हास सुरू होतो तो हे सगळं काढून घेतलं तेव्हा, आणि काढून घेणारा तो गुन्हेगार. मोठ्या वयाचा चाहता नेमकं याच वर्षाकडे बोट दाखवून म्हणतो की उद्यान इथेच मेलं, पुढची सहा वर्षं फक्त श्वास चालू होता. दोघं भांडतात तेव्हा एकाच जागेबद्दल बोलत नसतात. एकाचं जिऑगा लेक तळ्याकाठचं आहे, दुसऱ्याचं सुपरमॅनचं.

मी या भांडणात मोठ्यांच्या बाजूने आहे, आणि त्यामागे हिशेब आहे. ‘तीन उद्यानं एका तिकिटात’ हे वाक्य गिऱ्हाइकाच्या बाजूने वाचलं की लॉटरी लागल्यासारखं वाटतं. तेच मालकाच्या बाजूने वाचून पाहा. आदल्या वर्षापर्यंत या तळ्याकाठी दोन फाटकं होती आणि दोन्हीकडे पैसे जमा होत होते. आता फाटक एकच राहिलं. खर्च मात्र दोन्हीकडचा जसाच्या तसा. देवमाशाला रोज मासळी लागते, खाऱ्या पाण्याचे तलाव तापमान राखून गाळावे लागतात, पशुवैद्य आणि प्रशिक्षक बारा महिने लागतात. आणि उद्यान चालणार ते मे ते ऑक्टोबर, त्यातही शाळा सुरू असताना फक्त शनिवार-रविवार. पावसाने दोन शनिवार धुतले की ते परत येत नाहीत. शिवाय चार कोस्टर एकदम उभे केले की चारांची दुरुस्ती, चारांचा विमा, चारांवर माणसं, आणि कर्जाचं व्याज.

नव्या पाळण्याचा जोर किती काळ टिकतो, हा या धंद्यातला जुना प्रश्न आहे. नवा कोस्टर पहिल्या हंगामात लोकांना खेचतो, दुसऱ्यात थोडंफार, तिसऱ्यात तो जुना झालेला असतो. म्हणून शहाणा मालक एक यंदा, एक तीन वर्षांनी असं अंतर ठेवतो. इथे पाच वर्षांचा दारूगोळा दोन हंगामांत उडवला. २०००-२००१ची गर्दी खरी होती, पण तिच्यात कुतूहल किती आणि माया किती हे त्या वर्षी कळणं शक्य नव्हतं. ते पुढच्या दोन-तीन वर्षांत कळलं. पलीकडे सीडर पॉइंटनेही हात आखडता घेतला नव्हता. २०००मध्येच तिथे ३१० फूट उंचीचा मिलेनियम फोर्स उभा राहिला होता, २००३मध्ये ४२० फुटांचा टॉप थ्रिल ड्रॅगस्टर आला. ज्याला उंची हवी त्याने इकडे का यावं? आणि ज्याला सावली आणि बाक हवा होता, त्याला आता इकडे गोंगाट आणि कार्टूनची चित्रं दिसत होती.

मार्च २००४ मध्ये, हंगाम दोन महिन्यांवर आलेला असताना, सिक्स फ्लॅग्जने उद्यान विकलं. किंमत १४.५ कोटी डॉलर. ४ कोटी आणि ११ कोटींची बेरीज १५ होते. १९९५ची मूळ खरेदी आणि एक्स-फ्लाइट त्यात धरलेलेच नाहीत. जनावरं विक्रीत नव्हती, ती कंपनीने आपल्या दुसऱ्या उद्यानांत नेली. घेणारा होता सीडर फेअर, म्हणजे सीडर पॉइंटचा मालक.

आता दुसरं आरोपपत्र. चाहत्यांचा मोठा गट सांगतो की सीडर फेअरने प्रतिस्पर्धी विकत घेतला तो बंद पाडायलाच. पुरावे दिसायला भक्कम आहेत. नवा मालक आला, जुनं जिऑगा लेक हे नाव परत लावलं, लोक आनंदले. सुपरमॅनचा स्टील व्हेनम झाला, बॅटमॅनचा डॉमिनेटर, कारण त्या पात्रांचे हक्क जुन्या मालकाकडे होते. मग २००६चा हंगाम संपताच स्टील व्हेनम आणि एक्स-फ्लाइट, म्हणजे गर्दी खेचणारे दोन मोहरे, उखडून कंपनीच्या दुसऱ्या उद्यानांकडे निघाले. एक्स-फ्लाइट ओहायोतच किंग्ज आयलंडला फायरहॉक या नावाने उभा राहिला. वर्षभरात दिवा विझला. त्या वेळचे कंपनीप्रमुख डिक किन्झेल यांचं नाव काही चाहते आजही तोंडात कडू लागल्यासारखं घेतात.

तरीही बंद पाडायचंच होतं हे मला पटत नाही. मारायला घेतलेल्या गोष्टीवर कुणी नवा खर्च करत नाही, आणि सीडर फेअरने तळ्यापलीकडच्या रिकाम्या सीवर्ल्डच्या जागेवर कोट्यवधी डॉलर घालून वाइल्डवॉटर किंगडम हे पाण्याचं उद्यान उभं केलं. मला दोष दिसतो तो दुसऱ्या ठिकाणी. २००६ मध्ये या कंपनीने पॅरामाउंटची सगळी उद्यानं १२४ कोटी डॉलरना घेतली. डोक्यावर कर्जाचा डोंगर, हातात किंग्ज आयलंड, किंग्ज डोमिनियन, कॅरोविंड्ससारखी चालती उद्यानं. त्यांच्यापुढे ओहायोच्या कोपऱ्यातलं, भरडलेलं, अर्धं रिकामं उद्यान म्हणजे सुट्या भागांचं कोठार वाटू लागलं. जिथे कोस्टर हवा तिथे इथून उचलून न्या, नवा घेण्यापेक्षा स्वस्त. हा निर्णय कागदावर चोख असेल. पण इथले लोक त्या कागदावर कुठेच नव्हते, आणि म्हणूनच त्या रविवारी त्यांना आधी सांगावं असंही कुणाला सुचलं नाही. हंगामाच्या सुरुवातीला ‘हा शेवटचा उन्हाळा’ असं जाहीर केलं असतं तर अख्खा प्रांत लोटला असता. उद्यान वाचलं नसतं, पण लोकांना त्याचा निरोप घेता आला असता.

सिक्स फ्लॅग्जचं पुढे काय झालं? २००५ मध्ये त्यांनी ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड बंद केलं, आणि जून २००९ मध्ये कंपनी स्वतः दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. कर्ज काढून एकदम मोठं होण्याची जी वाट तिने जिऑगा लेकला दाखवली होती, तीच तिने स्वतःसाठीही निवडली होती. मी ओझ्याचा मोठा वाटा २०००-२००१च्या मालकाकडे टाकतो तो यामुळे. तळ्याकाठचं मध्यम आकाराचं, एका प्रांताच्या खिशाला परवडणारं उद्यान घेऊन त्याला देशातल्या बड्या उद्यानांच्या रांगेत उभं केलं, आणि मागची लोकसंख्या, मागचे पगार, मागचं हवामान तसंच राहिलं.

जून २००८ मध्ये लिलाव झाला. बाक, फलक, दिवे, पाळण्यांचे डबे, चाहते येतील तसे घेऊन गेले. बिग डिपर ५,००० डॉलरना गेला. जॉन मिलरच्या हातचा, ८३ वर्षांचा कोस्टर एका जुन्या मोटारीच्या भावात. पण लाकडी कोस्टर उचलून नेता येत नाही. प्रत्येक खांब त्या जमिनीच्या चढउताराप्रमाणे कापलेला असतो, आणि खोलून दुसरीकडे उभा करायचा तर बहुतेक लाकूड नवीनच घालावं लागतं. चाहत्यांनी तो वाचवण्यासाठी खटपट केली, पण पैसा उभा राहिला नाही. आठ वर्षं तो तिथेच उभा होता. खालून झाडं वाढत वाढत रुळापर्यंत आली, पांढरा रंग गळून राखाडी लाकूड उघडं पडलं. पलीकडच्या काठावर वाइल्डवॉटर किंगडममध्ये मुलं घसरगुंड्यांवरून पाण्यात पडत असत आणि तळ्याच्या या बाजूला तो सांगाडा उभा. २०१६च्या सप्टेंबरात पाण्याचं उद्यानही बंद झालं आणि ऑक्टोबरात बिग डिपर पाडला.

१ जुलै २०२४ला सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज या दोन कंपन्या एक झाल्या. नाव राहिलं सिक्स फ्लॅग्ज. जिऑगा लेकच्या वादातले दोन्ही आरोपी आता एकाच पत्त्यावर राहतात. चाहत्यांचा वाद त्यानंतरही थांबलेला नाही.

तळ्याच्या काठी आता घरं झाली आहेत. डॉमिनेटर व्हर्जिनियात किंग्ज डोमिनियनला गेला, इथलाच थंडरहॉक नावाचा कोस्टर मिशिगनला. ओहायोतून काही जण केवळ त्यांच्यात बसायला तिकडे जातात. आणि ते जुनं घोड्यांचं चक्र, १९२६मध्ये मार्कस इलियन्स याच्या कारखान्यात घडलेलं, २०११पासून कॅन्सस सिटीच्या वर्ल्ड्स ऑफ फन या उद्यानात फिरतं आहे. रांगेतल्या पोरांना ते कुठून आलं हे ठाऊक असायचं कारण नाही. बाहेरच्या रांगेतला घोडा मिळावा म्हणून ती धावतात, बसल्यावर दोन्ही हातांनी खांब घट्ट धरतात.